सशाला सोबत

ससा आमच्या घरी आला तो झाकणाच्या एका टोपलीतून, भर उन्हाळ्यात. हे जंगलखात्यात कारकून होते आणि आम्ही अक्कलकुव्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. लग्नाला माझ्या अजून वर्ष व्हायचं होतं. खात्यातले एक साहेब बदली होऊन लांब चालले होते. त्यांच्या मुलांनी दोन पांढरे ससे पाळले होते. त्यातल्या एकाला थोड्याच दिवसांपूर्वी कुत्र्यानं धरलं होतं. राहिलेल्याला एवढ्या प्रवासात कुठे वागवायचं म्हणून साहेबांच्या बायकोनं तो यांच्या स्वाधीन केला. संध्याकाळी हे टोपली घेऊन आले, चुलीपासून दूर भिंतीकडेला ठेवली आणि म्हणाले, "तुले सोबत लई ऊनू."

यांनी आणलेली ही सोबत मला हवीच होती. माझं माहेर तापीकाठचं, शेतकरी, चुलत्यांचं एकत्र घर. तिथं कुणी ना कुणी सतत हाक मारत असायचं, आणि कधी एकदा शांत बसायला मिळेल असं वाटायचं. इथं आल्यावर शांतता मिळाली ती खायला उठली. यांना फिरती असे. झाडतोडीचे कूप बघायला, लाकूड मोजायला साहेबांबरोबर धडगावच्या बाजूला डोंगरात गेले की आठ-आठ दिवस परत येत नसत. बाजाराच्या दिवशी गल्ली डोंगरातल्या माणसांनी भरून जायची, पण त्यांची बोली मला कळत नव्हती. बाकीच्या दिवशी मी दाराच्या चौकटीला टेकून कुणी ओळखीचं दिसतं का ते बघत बसायची.

ओळखीची एकच बाई होती, आमची घरमालकीण. तिचा नवरा पिंजारी. पुढच्या दोन खोल्या आमच्या, मागच्या त्यांच्या, आणि मधलं अंगण दोघांचं. मी तिला खाला म्हणायची आणि तिच्या नवऱ्याला चाचा. तिच्या तिन्ही मुली लग्न होऊन नंदुरबारला गेलेल्या. खाला फार बोलायची नाही. काही काम करताना मात्र आपण होऊन माझ्याजवळ येऊन बसायची, आणि काम संपलं की उठून जायची.

पहिले काही दिवस सशानं काही खाल्लं नाही. जात्यामागच्या सांदीत भिंतीकडे तोंड करून तो बसून राहिला. मी कोथिंबिरीचे देठ टाकले, मुळ्याचा पाला टाकला, विहिरीकडची हिरवी हरळी खुडून आणली. सकाळी बघावं तर सगळं तिथंच सुकून पडलेलं. कान पाठीवर चिकटलेले आणि अंग असं आकसलेलं की तो निम्मा झाल्यासारखा दिसायचा. रस्त्यावर कुत्रं भुंकलं की मागचा पाय जमिनीवर आपटायचा. एवढ्याशा जिवाच्या पायाचा तो आवाज ऐकून मी पहिल्यांदा दचकलेच.

हे फिरतीला निघण्याआधी त्याच्यापुढे उकिडवे बसले. बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "एकला शे. नंदुरबारले एक जन ससा पाळस. आनू का दुसरा?"

मी म्हटलं, "आते नको. ऊन देखा केवढं शे."

ऊन होतंच. नंदुरबारहून यायचं म्हणजे तापी होडीनं ओलांडायची, मग तळोद्यापर्यंत मिळेल ती मोटार आणि पुढे बैलगाडी. एवढ्या तलखीत लहान जीव टिकला नसता. पण मनात वेगळंच होतं. हा ससा माझा होता. सासरी आल्यापासून माझं म्हणावं असं पहिलंच काही घरात आलं होतं, आणि ते अजून माझ्याकडे तोंडसुद्धा वळवत नव्हतं. त्याआधीच त्याला दुसरा जोडीदार आणून दिला, तर ते दोघं एकमेकांचे होतील आणि मी नुसती पाला टाकणारी राहीन, असं मला वाटलं. हे मी यांना बोलून दाखवलं नाही. यांनीही जास्त विचारलं नाही.

खालाला मात्र मी विचारलं. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, त्याची जोडी मेली आहे, तो खात नाही, दुसरा लगेच आणायला हवा असं हे म्हणतात. तिनं सुपातून मान वर केली नाही. तिनं मला तिच्या बकरीची गोष्ट सांगितली. धाकटी मुलगी सासरी गेली त्याच आठवड्यात चाचांनी बाजारातून एक बकरी आणून अंगणात बांधली. बायकोला करमणार नाही, म्हणून. बकरी गरीब होती, दूधही चांगलं द्यायची. पण खाला वर्षभर तिच्याकडे नीट बघू शकली नाही. तिला पाला घातला की वाटायचं, हिला मुलीच्या जागी आणून बांधली आहे. त्या बिचारीचा काय दोष, पण राग तिच्यावरच निघायचा. मग हळूहळू तो ओसरला. तीच बकरी आता म्हातारी होऊन आमच्यासमोर उभी होती आणि खालाच्या ओढणीचं टोक चघळत होती.

"बेटी, इतनी जल्दी नको," खाला म्हणाली. "घर खाली हुआ है, ये पहले घर को तो समझने दे."

मला हवं ते उत्तर मिळालं. मी निश्चिंत झाले.

ससा खायला लागला तो माझ्या समजावण्यानं नाही, जात्यानं. एका पहाटे मी दादर ज्वारी दळत होते. जात्याची घरघर सुरू झाली तसा तो सांदीतून बाहेर आला आणि जात्याच्या अगदी कडेला, माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर, पोट टेकून बसला. दगडाची थरथर त्याला आवडत असावी. मी थांबले की तो कान उभे करायचा. म्हणून मी संपलेलं दळण पुन्हा थोडं घालून उगीच दळत राहिले. शेवटी त्यानं पुढं होऊन पिठाच्या कडेला पडलेला एक देठ उचलला आणि कुरुकुरु खाल्ला. त्याचं ते भराभर हलणारं तोंड बघताना माझे डोळे भरून आले.

त्यानंतर तो माझा झाला. मी चुलीपाशी बसले की पाठीला पाठ लावून बसायचा. उन्हाच्या कारात मी गोणपाट भिजवून जमिनीवर टाकायची, त्यावर तो लांबलचक पसरायचा, मागचे पाय थेट सोडून, एखाद्या दमलेल्या माणसासारखा. खाटेचं सुंभ त्यानं दोन ठिकाणी कुरतडलं. माझ्या पदराला भोकं पाडली. आम्ही त्याला नाव ठेवलं नाही. नुसतं 'ससा' म्हटलं की एक कान माझ्याकडे वळायचा, दुसरा जिथल्या तिथं राहायचा. हे फिरतीवरून आले की आधी विचारायचे, ससा कसा आहे. मग माझ्याकडे बघून हसायचे, कारण मी कशी आहे ते त्यांना दिसतच होतं.

पावसाळ्यात मला दिवस गेले. उलट्यांनी मी बेजार झाले. फोडणीचा वास आला तरी बाहेर पळायची. पण सशाचा वास मला कधी नकोसा वाटला नाही. त्याला वाळलेल्या गवताचा वास यायचा. मी आडवी झाले की तो खाटेखाली बसायचा. पण मी फार झोपायला लागले. पूर्वी दिवसभर त्याच्याशी बोलायची, ते कमी झालं. दळणही खालाच करून द्यायला लागली. ससा घरभर हिंडायचा आणि दारापाशी जाऊन बसायचा.

दसरा होऊन गेला आणि चाचांच्या कामाचे दिवस आले. थंडीआधी सगळ्यांना गाद्या-रजया भरून हव्या असत. अंगणात सकाळपासून पिंजण वाजायची, टंण टंण, आणि कापूस उडून तुळईवर, बकरीच्या पाठीवर, आमच्या भाकरीवरसुद्धा बसायचा. ससा आवाजाला घाबरेल असं मला वाटलं होतं. तो घाबरला नाही. जात्याची सवय असल्यामुळे असेल. चाचा पिंजत असताना तो अंगणात त्यांच्यापासून थोड्या अंतरावर बसून राहायचा.

एका दुपारी पिंजण थांबली होती. चाचा नमाजाला गेले होते. मी पाणी प्यायला उठले आणि दारातून अंगणात पाहिलं. पिंजलेल्या कापसाचे गोळे करून चाचांनी भिंतीशी ओळीनं लावून ठेवले होते. त्यातला एक गोळा बाजूला घरंगळला होता, सशाएवढाच. ससा त्याला अगदी चिकटून बसला होता, कुशीला कूस लावून. आणि तो त्या कापसाला चाटत होता. वरच्या बाजूनं, जिथं दुसऱ्या सशाचं डोकं असतं तिथं. चाटून झालं की आपलं डोकं खाली घालायचा आणि वाट बघत थांबायचा, आता तू मला चाट, असं. कापूस काही करायचा नाही. मग पुन्हा चाटायचा.

मी तशीच दारात उभी राहिले. तांब्या हातात होता, तहान लागलेली होती, ते विसरले. मी त्याला रोज कुरवाळत होते, त्याच्या कानामागे खाजवत होते. पण त्याला काय हवं होतं ते मला देता येण्यासारखं नव्हतं. मला जीभ होती ती बोलायला.

खाला मागून आली. तिनंही पाहिलं. तो गोळा वरून ओला झाला होता, चाचांच्या कामाचा राहिला नव्हता. खालानं तो उचलला नाही. ढिगातला दुसरा घेऊन तिनं ओळीतली मोकळी जागा भरली, आणि आत जाता जाता म्हणाली, "अब ले आ."

त्या आठवड्यात हे घरी आले तेव्हा मी त्यांना सांगितलं की आता दुसरा ससा आणा. पण आता यांचंच मन मागे सरलं होतं. पौषानंतर माझा भाऊ मला बाळंतपणासाठी न्यायला यायचा होता. मी तिकडून परत आले की बघू, असं यांचं म्हणणं. आत्ताच्या आत्ता नवीन जीव घरात आणायचा, तो रुळायच्या आत मी जायची, मागे सगळं खालावर पडायचं. बोलणं चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, मी गेले आणि तुम्ही डोंगरात गेलात की तो कुणाजवळ बसेल. मी परत येईन ती मूल घेऊन येईन, तेव्हा तर मला त्याच्याकडे बघायलाही सवड नसेल. आणायचा तर मी असताना आणा, म्हणजे दोघांची ओळख मला करून देता येईल. मी एवढं सलग कधी यांच्याशी बोलले नव्हते. यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि बरं म्हटलं.

मार्गशीर्षात कचेरीच्या कामानं हे नंदुरबारला गेले ते परत येताना सशी घेऊन आले. ज्याच्याकडून आणली तो कबुतरं पाळणारा होता. कबुतरांच्या खुराड्याखाली त्याचे ससे असायचे. सशी लहानखुरी होती, वाळल्या गवताच्या रंगाची, आणि एक कान किंचित कलता. तापीवर होडीत वारा होता म्हणून यांनी टोपली आपल्या कोटाखाली धरली होती. त्या माणसानं सांगितलं होतं की दोघांना एकदम एकत्र सोडू नका. पण हे दमलेले होते, मला घाई झाली होती, आणि ससा टोपलीपाशी येऊन नाक हलवत उभा राहिला होता. मला वाटलं, इतके महिने ज्याची वाट बघितली ते आलं, आता काय व्हायचं आहे. मी झाकण काढलं.

ससा तिच्या अंगावर तुटून पडला. माझा तो गरीब ससा, कापसाला चाटणारा. त्यानं तिला खोलीभर पळवली, पाठीचे केस तोंडात धरून उपटले. ती जात्यामागे शिरली तर तिथूनही तिला बाहेर काढली, कारण ती त्याची जागा. ती ओरडली. ससा ओरडतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. लहान मुलाच्या किंकाळीसारखा तो आवाज. यांनी मध्ये हात घातला तो रक्तबंबाळ झाला. खालानं धावत येऊन कोंबड्यांचं डालं सशीवर पालथं घातलं, तेव्हा ते थांबलं. जमिनीवर गवताच्या रंगाचे केसांचे पुंजके पडले होते. मी ते गोळा केले आणि रडत बसले.

त्यानंतरचे दिवस आम्ही त्या दोघांच्या नादातच घालवले. सशी डाल्याखाली अंगणात, कारण खोली सशाची होती. ससा डाल्याभोवती घिरट्या घालायचा, पाय आपटायचा. ती मधोमध दगडासारखी बसून राहायची. खालाच्या सांगण्यावरून मी रोज दोघांची गोणपाटं बदलायची, त्याच्या अंगाखालचं तिला आणि तिच्याखालचं त्याला, म्हणजे वासाची ओळख होईल. ससा तिच्या गोणपाटावर मुद्दाम जाऊन मुतायचा. खालाला वाटलं होतं जुम्म्यापर्यंत जमेल. जुम्मा गेला, दुसराही गेला. हे पुन्हा फिरतीला निघाले, डोंगरात वणव्याचे दिवस जवळ येत होते. जाताना यांनी मला एवढंच सांगितलं की जमलं नाही तर सशी परत करता येईल, तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी नुसती मान हलवली. परत करायची हे मला मान्य नव्हतं. ती आपण होऊन आली नव्हती. तिला आम्ही आणली होती.

आणि भाऊ आला. ठरल्या दिवशी, बैलांची दमणी घेऊन, आत मऊ गवत आणि वर गोधड्या घालून. माझ्याहून तो पाच-सहा वर्षांनी मोठा, शेतात राबणारा, थोडक्यात बोलणारा. घरी दादरची कापणी टाकून तो आला होता. जेवण झाल्यावर मी त्याला सांगितलं की दोन दिवस थांबावं लागेल. का, ते सांगितल्यावर तो अंगणात जाऊन डालं बघून आला.

"ससासाठे गाडी उभी ठेवानी?" त्यानं विचारलं.

मी म्हटलं, "दोन रोज थांब, भाऊ. यास्नं जमू दे."

तो उठून बैलांकडे गेला. मला वाटलं रागावला. पण संध्याकाळी बैलांना पाणी दाखवून आल्यावर तो डाल्याशेजारी मांडी घालून बसला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, नवीन बैल आणला की जुनाही असाच शिंग मारतो, त्यांना एकाच गव्हाणीत खायला घालावं. आम्ही मेथीची जुडी डाल्याच्या अगदी कडेला ठेवली, म्हणजे दोघं दोन बाजूंनी खातील. सशानं जुडी बाहेर ओढून घेतली आणि सगळी एकट्यानं संपवली. भाऊ हसला. लहानपणी तो हसायचा तसा. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन जुड्या घातल्या, एक आत, एक बाहेर, एकमेकींना लागून. ससा खात राहिला, मध्ये मध्ये आत बघत राहिला. सशीनंही पहिल्यांदा त्याच्यादेखत तोंड हलवलं. तेवढंच. डालं उचललं की तो पुन्हा धावून गेला.

भावाला आणखी थांबणं शक्य नव्हतं. खाला म्हणाली, जा, मी बघीन. पण तिचं वय झालं होतं, आणि दोन भांडणारे ससे तिच्या गळ्यात टाकून जायला माझा पाय निघेना. मी म्हटलं, मी दोघांना घेऊन जाते. हे ऐकून भावानं डोक्याचा रुमाल काढून पुन्हा बांधला. गाडीत माझी वळकटी, खालानं बाळासाठी भरून दिलेली छोटी गादी, पाण्याचा हंडा, आणि मी अवघडलेली. दोन टोपल्यांना जागा नव्हती. भावानं एका मोठ्या टोपलीत मधोमध फळी बसवली आणि सुतळीनं आवळून बांधली. एका बाजूला ससा, एका बाजूला सशी. खालानं झाकण लावलं. माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि ती आत निघून गेली, गाडी निघेपर्यंत थांबली नाही.

पहिला मुक्काम तळोद्याला नातेवाइकांकडे झाला. तिथवर सगळं ठीक होतं. मी झाकण उघडून पाला घातला, फळी जागच्या जागी होती. दुसऱ्या दिवशी रस्ता खराब लागला. चाकोऱ्या खोल, मध्ये ओढ्याची उतरण. भाऊ माझ्यासाठी बैल अगदी सावकाश हाकत होता, तरी गाडी आदळत होती. टोपलीतून सशाच्या पाय आपटण्याचा आवाज येत होता. ओढ्यात एक चाक दगडावर चढून खाली पडलं तेव्हा आत काहीतरी घसरल्याचा आवाज झाला. मग पाय आपटणंही थांबलं. मी टोपलीला कान लावला. काहीच ऐकू येईना.

"थांबाड गाडी," मी म्हटलं.

भावानं विचारलं, दुखतंय का. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी टोपलीकडे बोट केलं. त्यानं बैल पलीकडच्या चढावर बाभळीखाली नेऊन उभे केले, मागे आला आणि झाकणाची सुतळी सोडायला लागला. फळी सुटली असणार, आणि तेवढ्याशा जागेत तिला पळायलाही वाट नव्हती. मी मान दुसरीकडे वळवली. भावानं झाकण उचललं आणि आत वाकून पाहिलं. मग त्यानं माझा खांदा हलवला.

फळी आडवी पडली होती. तिच्या एका बाजूला, टोपलीच्या कोपऱ्यात, दोघं एकमेकांना चिकटून बसले होते. इतके की एक कुठं संपतो आणि दुसरी कुठं सुरू होते ते केसांच्या रंगावरूनच कळावं. दोघांची अंगं धडधडत होती. सशानं आपलं डोकं तिच्या हनुवटीखाली घातलं होतं. आम्ही बघत होतो तेव्हाच तिनं, भीतीनं की कशानं, त्याच्या कपाळावरून जीभ फिरवली. एकदा, आणि थोडं थांबून पुन्हा.

भावानं फळी हळूच काढून गाडीबाहेर टाकली. झाकण लावताना म्हणाला की आता उरलेल्या वाटेत गाडी आदळली तरी चालेल. आणि तरीही त्यानं बैल सावकाशच हाकले.

माहेरी आईनं मला आधी बघितलं, मग टोपली बघितली, आणि दोन्हींना घरात घेतलं. शेणानं सारवलेल्या धान्याच्या खोलीत सशांना जागा मिळाली. त्यांच्यात पुन्हा कधी भांडण झालं नाही. एकाच्या अंगावर एक मान टाकून झोपायचे, एकमेकांचे कान चाटायचे. ससा आता माझ्याकडे येत नसे असं नाही. मी हाक मारली की यायचा, पण थोडं बसून परत तिच्याकडे जायचा. मला वाईट वाटेल असं जे वाटलं होतं ते वाटलं नाही. पोट इतकं वाढलं होतं की त्याला मांडीवर जागाही नव्हती. मी खांबाला टेकून त्या दोघांकडे बघत बसायची आणि तेवढ्यानं माझा दिवस चांगला जायचा.

फाल्गुनात एकदा सशी तोंडात कडब्याची पानं धरून कोपऱ्यात नेऊ लागली. मग तिनं आपल्याच छातीचे केस उपटून त्यावर पसरले. मला वाटलं तिला काही रोग झाला. आई दारात उभी होती. ती म्हणाली, "गाभन शे ती," आणि सशाला उचलून माझ्या ओच्यात देऊन खोलीचं दार ओढून घेतलं. पिल्लं झाली त्यानंतर थोड्याच दिवसांनी मला मुलगी झाली. यांना निरोप गेला, हे मिळेल त्या मोटारीनं आणि उरलेलं पायी असे आले. मुलीला बघून झाल्यावर आईनं यांना धान्याच्या खोलीत नेऊन पिल्लं दाखवली. हे बाहेर येऊन मला म्हणाले की आता नंदुरबारच्या त्या कबुतरवाल्याला आपणच ससे देऊ.

ज्येष्ठात पावसाच्या आधी मी परत निघाले, मुलगी मांडीवर आणि ससा-सशी टोपलीत. पिल्लं तोवर मोठी होऊन खोलीभर उड्या मारत होती. काही गावात दिली होती, काही उरली होती. गाडी जुंपायच्या आधी भाऊ धान्याच्या खोलीत आला आणि उरलेल्या पिल्लांकडे बघत उभा राहिला. त्यातलं एक पांढरं होतं, पाठीवर गवताच्या रंगाचा डाग असलेलं. दोन महिने तेच त्याच्या पायात घुटमळायचं, हे सगळ्या घराला माहीत होतं. फक्त त्यालाच वाटायचं की कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

"हाई एक मले दे," तो म्हणाला.

"एकलं देवाव नही," मी म्हटलं.

त्यानं थोडा विचार केला, खाली बसून दुसरं एक पिल्लू उचललं, तेही पांढऱ्याशेजारी ठेवून पाहिलं. दोघं एकमेकांना हुंगून हरळी खायला लागली. तो म्हणाला, "मंग दोन दे," आणि बैल जुंपायला बाहेर गेला.